नावे ठेवण्याचा इतिहास

'नावे ठेवणे' हा मराठीतला मोठा मजेदार वाक्प्रचार आहे. बारशाला बाळाचे नाव ठेवतात, तेव्हा घरात आनंद असतो, घुगऱ्या वाटल्या जातात. पण त्याच नावाचे अनेकवचन झाले, 'नाव'ची 'नावे' झाली, की तीच क्रिया निंदा होऊन बसते. आपल्या राजकारणात आज हा बारशाचा कार्यक्रम चोवीस तास चालू आहे. कुणी 'फुरोगामी' आहे, कुणी 'अंधभक्त' आहे. कुणी 'तुकडे तुकडे गँग'चा, कुणी 'अर्धी चड्डी'वाला, कुणी 'अर्बन नक्षल', तर कुणी 'मनुवादी'. मोबाईल उघडला की रोजचा शिमगा. होळीच्या शिमग्याला निदान धुळवडीनंतर शेवट असतो, या शिमग्याला तो नाही.

लोक म्हणतात, पूर्वी असे नव्हते. पूर्वीचे लोक सभ्य होते, मतभेद असले तरी मनभेद नव्हते. हे वाक्य भाषणात फार गोड वाटते. पण इतिहासाची पाने उलटली की ते टिकत नाही. आपले पूर्वज जिभेने काही कमी तिखट नव्हते. फरक आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. तो नेमका कुठे, हे आज शोधू या.

आधी 'डावे' आणि 'उजवे' हे दोन शब्दच पाहा. ते आले फ्रान्समधून. १७८९ साली तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि राजसत्तेला आवर घालू पाहणारे डाव्या हाताला. म्हणजे मूळ अर्थ केवळ बसण्याच्या जागेचा. पण हे शब्द मराठीत आले आणि इथल्या मातीने त्यांना वेगळेच वजन दिले. आपल्याकडे 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणजे सरस. देव कौल देतो तो उजवा. मुलगी उजवतात, व्रत उजवतात. उलट कुणाला बाजूला सारायचे तर 'डावलतात'. म्हणजे वाद सुरू होण्याआधीच भाषेने उजव्याच्या पारड्यात थोडे माप टाकून ठेवले आहे! पण हीच भाषा असेही सांगते, की उजव्या सोंडेचा गणपती फार कडक, त्याचे सोवळे सांभाळणे कठीण. घरात बसवावा तो डाव्या सोंडेचा. आणि आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, बाप्पा, जुवाला डाव्या अंगाचा बैल लागतो अन् उजव्या अंगाचाही. एका बैलाने वखर चालत नाही.

आता इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात डावे-उजवे हे शब्द आपल्याकडे नव्हते, पण जोडी होती ती 'सनातनी' आणि 'सुधारक' अशी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी जो डौल दिला, तो कुणी नाकारू नये. पण याच निबंधमालेतून त्यांनी लोकहितवादींना आणि महात्मा जोतीराव फुल्यांना झोडपले. फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ चे. त्यातल्या मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा त्यांची भाषा, त्यांचे व्याकरण, त्यांची पात्रता यांची टिंगल करण्यात शास्त्रीबुवांची लेखणी अधिक रमली. फुलेही काही मऊ बोलणारे नव्हते. भटशाहीवरचे त्यांचे आसूड आजही अंगावर येतात. पण फुल्यांचा आसूड एका व्यवस्थेवर पडत होता आणि टिंगल पडत होती ती एका माणसाच्या शिक्षणावर नि जातीवर. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि आता त्यापुढची गोष्ट ऐका. १८८१ साली 'केसरी' निघाला. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही सारी मंडळी त्यात एकत्र होती. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी केसरी आणि मराठा या पत्रांनी मजकूर छापला. कारभारी माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. पुराव्याची पत्रे बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले. या खटल्याच्या काळात जामिनाची गरज पडली, तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे यांनी आणि तो मिळवून देण्यामागे होते जोतीराव फुले. ज्या गोटातून आपल्यावर टिंगलीचा पाऊस पडला, त्याच गोटातल्या दोन तरुणांसाठी फुल्यांनी माणूस उभा केला. त्यासाठी त्यांनी आपले मत सोडले नाही. पुढेही ते टिळकांच्या मार्गाला गेले नाहीत. त्यांनी एवढेच मानले, की सत्तेविरुद्ध लिहिणारा माणूस तुरुंगात एकटा पडता कामा नये.

या घटनेतून दुसरीही एक गोष्ट शिकता येते. टिळक-आगरकरांनी जे छापले, त्याखाली त्यांच्या पत्राचे नाव होते, पत्ता होता. चूक निघाली तेव्हा त्यांनी ती अंगावर घेतली, तुरुंग भोगला. आज ज्याने खोटे पसरवले त्याचा पत्ता सापडत नाही, आणि सापडला तर 'मी फक्त पुढे पाठवले' असे उत्तर मिळते.

पुढे टिळक आणि आगरकर हे दोन जिवलग मित्रही फुटले. आगरकरांचे आमच्या वऱ्हाडाशी नाते आहे, त्यांचे शिक्षण काही काळ अकोल्यात झाले. १८८७ साली त्यांनी केसरीचे संपादकपद सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली तो टोकाला गेला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जी भाषा वापरली गेली, ती वाचताना आज आपल्याला कानकोंडे व्हायला होते. पुण्यातल्या सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आपल्या दारावरून आपलीच तिरडी जाताना पाहणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. तरी आगरकर लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. ज्यांची मैत्री कॉलेजात जमली, ज्यांनी एका कोठडीत १०१ दिवस काढले, त्यांना एकमेकांचे नुसते 'विरोधक' होऊन जगणे शक्यच नव्हते.

वाद मग समाजकारणातून राजकारणात गेला आणि नवी जोडी आली 'जहाल' आणि 'मवाळ' अशी. खरे तर मवाळ हा किती छान शब्द! मवाळ थंडी, मवाळ स्वभाव. पण त्या काळात 'मवाळ' म्हणजे भित्रा, सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारा, असा अर्थ रूढ झाला. १९०७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन आपल्या नागपूरला व्हायचे ठरले होते. तिथे दोन्ही गटांत इतकी जुंपली, की अधिवेशन हलवून सुरतेला न्यावे लागले. सुरतेत तरी काय झाले? डिसेंबरात भर मंडपात खुर्च्या फेकल्या गेल्या आणि एक मराठी पद्धतीचा जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. त्या जोड्याने काँग्रेसचे दोन तुकडे झाले. ते पुन्हा जुळायला १९१६ चे लखनौ उजाडले. म्हणजे नऊ वर्षे! आणि त्यातली सहा वर्षे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दोघांच्या भांडणात फावले ते इंग्रजांचे.

पण याच टिळकांचे दुसरे दृश्य पाहा. १९१५ च्या फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले वारले. गोखले म्हणजे मवाळांचे शिरोमणी. टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरले, स्मशानात आले आणि जमलेल्यांना म्हणाले, की हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न इथे विसावले आहे. त्याच्याकडे पाहा आणि त्याच्यासारखे होण्याचा प्रयत्न करा. आयुष्यभर ज्यांच्या मताशी झुंज घेतली, त्यांच्याबद्दलचे हे शब्द. आमच्या जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे हे टिळकांच्याच परंपरेतले. गांधीजींचे सगळेच मार्ग त्यांना पटले असे नाही. १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली. पण १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण मांडले आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अण्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

आता कुणी म्हणेल, ही सारी थोरांची गोष्ट झाली. खालच्या माणसांचे काय? तेही पाहू या, कारण नाव ठेवण्याची खरी किंमत तेच मोजतात. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता. लगेच एका माणसाचे नाव साऱ्या जातीला चिकटवले गेले. पश्चिम महाराष्ट्रात, नागपूर भागात ब्राह्मणांची घरे जळाली. ज्यांचा त्या कटाशी सुतराम संबंध नव्हता, ती कुटुंबे गाव सोडून शहरात गेली. अहिंसेच्या पुजाऱ्याचा सूड म्हणून ही जाळपोळ झाली. माणसाचे मत न पाहता त्याला गटाचे नाव दिले, की पुढचे काम काडेपेटी करते.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. १९५६ च्या फेब्रुवारीत समिती स्थापन झाली. तिच्यात कॉम्रेड डांगे होते, एस. एम. जोशी होते, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते आणि हिंदू महासभा, जनसंघही होते. डावे आणि उजवे खरोखर एका व्यासपीठावर! शाहीर अमर शेख यांचा डफ वाजे आणि सारे एकत्र डोलत. या लढ्याचे हत्यार होते आचार्य अत्र्यांचा 'मराठा'. अत्र्यांची जीभ म्हणजे पट्टा. मोरारजी देसाईंना त्यांनी 'नरराक्षस' म्हटले. पाठीमागे शंभरावर हुतात्मे होते, त्यामुळे लोकांना तो शब्द शिवी वाटला नाही. पण जिभेला सवय लागली की ती थांबत नाही. यशवंतराव चव्हाणांना मूलबाळ नव्हते, त्यावरून अत्र्यांनी बोचरे लिहिले. वेणूताईंच्या वाट्याला १९४२ च्या चळवळीत जे दुखणे आले, त्याने हे घर सुने राहिले, असे यशवंतरावांकडून कळताच अत्रे घरी जाऊन क्षमा मागते झाले, ही गोष्ट महाराष्ट्र आजही सांगतो. क्षमा मागायला घर माहीत असावे लागते आणि दार ठोठावायची हिंमत असावी लागते.

राज्य झाले आणि समितीची मोट सुटली. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे यांचे 'मार्मिक' निघाले, त्याच्या पहिल्या अंकाचे प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. १९६६ साली शिवसेना आली. गिरणगावात आता समोरासमोर होते शिवसैनिक आणि कम्युनिस्ट. एकीकडून 'लालभाई', दुसरीकडून 'फॅसिस्ट'. आणि डाव्यांनी शिवसेनेला आणखी एक नाव ठेवले, 'वसंतसेना'. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे. कामगार संघटना मोडायला त्यांचे सरकार शिवसेनेला हाताशी धरते, असा विरोधकांचा आरोप होता. मृच्छकटिकातल्या नायिकेचे नाव घेऊन केलेला हा श्लेष कवी म्हणून मला दाद द्यावासा वाटतो. त्यात आरोप होता, विनोद होता, घाण नव्हती. पण गिरणगावात श्लेषावर थांबले नाही. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, त्या हरल्या. वामनराव महाडिक जिंकले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला.

काळाचा विनोद असा, की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उद्धव ठाकरे यांची शिवसेना आणि कम्युनिस्ट पक्ष एकाच आघाडीत होते. नेत्यांना जागा बदलता येतात. ज्याने नेत्यासाठी शेजाऱ्याला शिवी दिली, त्याला मात्र शेजार पुन्हा मिळत नाही.

ज्याला दोन्हीकडून नावे ठेवली गेली, त्याच्याविषयी बोलल्याशिवाय माझ्यासारख्याला पुढे जाता येणार नाही. हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा कथाकार. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. सात बाया! १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, फुल्यांचाच शब्द घेऊन. समाजातल्या कर्मठांनी त्यांना 'काफिर' म्हटले. काही पुरोगाम्यांना वाटले, हा माणूस हिंदुत्ववाद्यांच्या हाती कोलीत देतो. आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी, दलवाईंनी हिंदू जमातवादावरही टीका केली, तेव्हा टाळ्या थांबवल्या. १९७७ साली, ४४ व्या वर्षी ते गेले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. मोर्चानंतर ५१ वर्षांनी. त्या सात बायांचा प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर देण्याऐवजी दलवाई कोणाचे, यावर आपण अर्धे शतक घालवले. नावे ठेवण्याचे खरे नुकसान हे आहे. ज्याला नाव ठेवले तो दुखावतो, हे आहेच. पण त्याने विचारलेला प्रश्न मरतो, हे अधिक.

आमच्या यवतमाळातही हेच घडले. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. २०१५ साली त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता, त्यामुळे 'अवॉर्ड वापसी गँग' हे नाव आधीच ठेवलेले. त्यात इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, म्हणून संमेलन उधळण्याची धमकी आली. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांची धमकी होती, त्याच्या नेत्याने नंतर आपला आक्षेप नाही असे सांगितले, पण तोवर उशीर झाला होता. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. या गदारोळात किती जणांनी लक्षात घेतले, की सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घरातले, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतर करणारे विद्वान? शेवटी उद्घाटन झाले ते आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी मंचावर उभी राहून एकट्या बाईच्या जगण्याविषयी बोलली. त्या दिवसांत वाद चालला तो मात्र डावे जिंकले की उजवे, याचा. कापसाचा भाव काय, हे विचारायला कोणाला वेळ होता?

मग यावर उपाय कायदा आहे का? तोही करून पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. त्याचा वापर कसा झाला? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर साधा प्रश्न लिहिला, दुसरीने तो पसंत केला. दोघींना अटक झाली. शिव्या देणारे मोकळे आणि प्रश्न विचारणाऱ्या कोठडीत! २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, ते योग्यच केले. बदनामीचा कायदा आहेच. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. पण कायदा शिवीला शिक्षा देईल, भाषा शिकवणार नाही.

भाषेची शिकवण आपल्याच परंपरेत आहे. कलगी-तुऱ्याचे सामने आठवा. परंपरा सांगते, की तुऱ्याचा मूळ पुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचा शाहअली फकीर. एक शिवाचा पक्ष घेणारा, दुसरा शक्तीचा. रात्र रात्र दोन फड एकमेकांची उणीदुणी काढीत. खेचाखेच अशी, की ऐकणाऱ्याचे कान तापावेत. पण नियम होता. समोरच्याचा सवाल संपेपर्यंत गप्प बसायचे. मग त्याच चालीत, त्याच यमकात जबाब द्यायचा. म्हणजे शत्रूचा शब्द न् शब्द ध्यानात ठेवावा लागे. नुसती शिवी देणारा हरला, असे श्रोतेच ठरवीत.

आमच्या नेरला अमरावती रस्त्यावर चहाच्या टपरीवर दोन मित्र एकमेकांना 'काय बे' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्याला वाटते, आता मारामारी होणार. होत नाही, कारण दोघांना एकमेकांचे वावर ठाऊक असते, लेकरांची नावे ठाऊक असतात, कर्ज किती तेही ठाऊक असते. शब्द तिखट असण्याने बिघडत नाही. शब्दामागचे नाते गेले, की बिघडते. फुले-टिळकांपासून अत्र्यांपर्यंतची माणसे जहरी बोलली, पण बहुधा समोरच्याला चेहरा होता आणि बोलणाऱ्याला पत्ता होता. जिथे चेहरा पुसला गेला, तिथे तिरडी निघाली, घरे जळाली, खून पडले.

नमाज संपते तेव्हा आम्ही आधी उजवीकडे मान वळवून सलाम करतो, मग डावीकडे. दोन्ही खांद्यांपलीकडे कोण बसले आहे, हे पाहून सलाम करायचा नसतो. राजकारणात एवढे सोपे नाही, हे मलाही कळते. वाद झालेच पाहिजेत, कडक झाले पाहिजेत. वाद नसलेला समाज स्मशानासारखा. मागणे एवढेच, की पुढच्या वेळी कुणाला 'भक्त' किंवा 'फुरोगामी' लिहिण्याआधी त्याने विचारलेला प्रश्न एकदा पूर्ण वाचावा आणि जमल्यास त्याच प्रश्नाला उत्तर द्यावे. उत्तर नसेल तर तसे सांगावे. आणि आपले नाव खाली लिहावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)